मे महिन्याच्या खेपेत पाच जनावरे दगावली : नुकसान कोणाचे आणि चूक नेमकी कुठे झाली?

प्रश्न : मोरीचा शेळीवाला (शिळफाटा)

नमस्कार. शिळफाट्यापासून आत, दहिसर-मोरीच्या बाजूला माझे छोटे शेळीपालन आहे. ईदच्या आधी मी घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारातून माल आणतो, पंधरा-वीस दिवस चारून ठाणे, मुंब्रा आणि नवी मुंबईच्या गिऱ्हाइकांना देतो. एरवी दहा-पंधरा जनावरे पिकअपमधून येतात आणि आजवर एखादे लंगडे झाले असेल, यापलीकडे काही घडले नव्हते. या वर्षी मागणी जास्त असल्यामुळे मी प्रथमच सतरा फुटी आयशर ठरवून ४१ बोकड आणि १७ शेळ्या, अशी ५८ जनावरे एकाच खेपेत भरली.

दुपारी चारला भरणी झाली, परंतु दलालाचा हिशेब लांबल्यामुळे गाडी सहाला हलली. नगर, आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण हा नेहमीचा रस्ता घेतला. चालकाने आळेफाट्याला जेवण करून तिथेच झोप काढली आणि पहाटे निघून सहाच्या सुमारास घाट उतरला. कल्याणला पोहोचेपर्यंत साडेआठ वाजले, आणि पुढे कल्याण-शीळ रस्त्यावर जी कोंडी लागली ती सुटता सुटता दोन तास गेले. अकरा वाजता फाळका उघडला तेव्हा पाच जनावरे मेलेली होती, तीन उभी राहत नव्हती. ती तीन संध्याकाळपर्यंत सावरली.

सरासरी साडेनऊ हजारांनी खरेदी धरली तर माझे साडेसत्तेचाळीस हजार बुडाले. गाडीमालक म्हणतो की जनावर जिवंत वस्तू आहे, ते मेले तर गाडीचा दोष नाही, आणि त्याने १३,५०० रुपये पूर्ण भाडे घेतले. माझा समज असा आहे की कोंडीत उन्हात उभे राहिल्यामुळे ही मरतूक झाली. यात कोणाची किती जबाबदारी धरावी आणि भरपाई मागण्याचा काही मार्ग आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : पडघ्याचा गाडीमालक

मी स्वतः जनावरे वाहतो, त्यामुळे माझे म्हणणे एका बाजूचे वाटण्याची शक्यता आहे, तरी लिहितो. दोन तासांच्या कोंडीत, तेही सकाळी साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान, पाच जनावरे एकदम मरत नाहीत. दोन गोष्टी सांगा. मेलेली जनावरे हौद्यात कोणत्या जागी पडलेली होती? आणि हौद्यात आडव्या फळ्या किंवा बांबू बांधून कप्पे केले होते का, की सतरा फूट सलग मोकळा ठेवला होता?

आणखी एक. गाडीत मागे माणूस होता का? शेळी दमली की बसते, आणि दाटीत बसलेली शेळी पुन्हा उठू शकत नाही, कारण तिच्या अंगावर दुसरी उभी असते. त्यासाठी क्लीनर किंवा मालकाचा माणूस काठी घेऊन मागे लागतो, आणि दर थांब्याला फाळक्यातून हात घालून खाली बसलेल्यांना उठवावे लागते. हे काम चालकाने एकट्याने करावे ही अपेक्षा चुकीची आहे. तुमच्या चालकाने आळेफाट्याला झोप काढली हा दोष मी नाकारत नाही, कारण भरलेली गाडी उभी करून झोपणे हे आमच्या धंद्यात कोणीही समर्थनीय मानत नाही.

प्रश्नकर्त्याचा खुलासा : मोरीचा शेळीवाला

कप्पे नव्हते. मागे माणूस नव्हता. मी स्वतः चालकाशेजारी पुढे बसलो होतो. मेलेली चार जनावरे केबिनला लागून असलेल्या पुढच्या भिंतीशी एकावर एक पडलेली होती, त्यांच्यावर दुसरी जनावरे उभी होती. पाचवा बोकड मधोमध होता. उतरवताना एक गोष्ट लक्षात आली, ती लिहितो, कारण तिचा अर्थ मला कळलेला नाही. पुढच्या चौघांचे पाय लाकडासारखे ताठ होते, उचलताना वाकत नव्हते. मधला बोकड मात्र मऊ होता आणि त्याचे अंग हाताला गरम लागत होते. चौघांची पोटे फुगलेली होती, म्हणून बाजारात कोणी काहीतरी खाऊ घातले असावे असाही संशय आला. निघण्याआधी व्यापाऱ्याने मक्याचा भरडा टाकला होता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उत्तर : निवृत्त पशुवैद्य, ठाणे

तुम्ही ताठ पाय आणि मऊ अंग यांतला फरक टिपला हे फार चांगले केले, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. मेल्यानंतर शरीर ताठ व्हायला काही वेळ जावा लागतो. उन्हाळ्यात आणि दमलेल्या जनावरात ही क्रिया लवकर सुरू होते, त्यामुळे त्यावरून घड्याळातली वेळ सांगता येत नाही. पण एकाच गाडीत, एकाच हवेत चार पूर्ण ताठ आणि एक मऊ, गरम असेल, तर ते चार आधी गेले आणि पाचवा नंतर गेला, इतके खात्रीने म्हणता येते. त्यात ते चार केबिनच्या भिंतीशी एकावर एक सापडले, ही गोष्ट जोडून पाहा. माळशेज उतरताना चालक प्रत्येक वळणावर ब्रेक दाबतो, सलग हौद्यातली सगळी जनावरे पुढे सरकतात, आणि पुढच्या रांगेतल्या ज्या जनावरांचा पाय घसरतो ती ढिगाखाली जातात. माझ्या मते चौघे घाटात गुदमरून मेले आणि कोंडीने घेतला तो फक्त पाचवा.

पोट फुगण्यावर मात्र फार भर देऊ नका. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट मेल्यानंतर काही तासांत आपोआप फुगते, कारण आतले आंबणे थांबत नाही आणि वायू बाहेर पडायचा मार्ग बंद होतो. जिवंतपणी पोटफुगी झाली होती की नाही हे शवविच्छेदनातच कळले असते. भरड्याचा दोष नाही असे मी म्हणत नाही. पोट दिसावे म्हणून बाजारात दाणा आणि पाणी भरपूर देण्याची सवय जुनी आहे, आणि अचानक जास्त दाणा खाल्लेल्या शेळीच्या पोटात आम्ल वाढून ती पुढच्या दिवसभरात खालावू शकते. निघण्याच्या पाच-सहा तास आधी दाणा बंद करून फक्त सुका चारा आणि पाणी द्यावे, हा साधा नियम आहे.

आता जागेचा हिशेब मांडतो, कारण इथेच मूळ दुखणे आहे. सतरा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद हौदा म्हणजे सुमारे १०.२७ चौरस मीटर जागा झाली. त्यात ५८ जनावरे म्हणजे प्रत्येकी पावणेअठरा शतांश चौरस मीटरच्या आत, वर्तमानपत्राचे एक पान पसरले तर जेवढी जागा व्यापते साधारण तेवढीच. प्राणी वाहतूक नियम, १९७८ मध्ये २५ ते ३० किलोच्या शेळीला, लोकर न कातरलेल्या मेंढीइतकीच, म्हणजे सुमारे ०.२३ चौरस मीटर जागा सांगितली आहे. त्या मापाने तुमच्या हौद्यात ४४ मावतात. परंतु त्याच नियमांत साडेचार-पाच टनी गाडीला ४० शेळ्या-मेंढ्यांची कमाल मर्यादाही आहे, आणि मोटार वाहन नियमांत २०१५ साली घातलेले, २०१६ पासून लागू झालेले १२५-ई हे कलम प्रत्येक शेळीला ०.३ चौरस मीटरचा स्वतंत्र कप्पा मागते. त्या हिशेबाने आकडा ३४ वर येतो. तुम्ही कोणतेही माप घ्या, ५८ कशातच बसत नाही.

१९७८ च्याच नियमांत मोठ्या गाडीत दर दोन-तीन मीटरवर आडवा कप्पा करावा आणि तळाला किमान पाच सेंटीमीटर जाडीचा पेंढा घालावा असे लिहिलेले आहे. कागदावर हे किरकोळ वाटते. प्रत्यक्षात दोन आडवे बांबू घातले असते तर घाटात पाच मीटरचा रेटा पुढच्या भिंतीवर न येता तीन तुकड्यांत वाटला गेला असता, आणि मुताने ओल्या झालेल्या लोखंडी पत्र्यावर खूर घसरले नसते. ठाणे जिल्ह्यात भाताच्या पेंढ्याला तोटा नाही. जाताना रिकाम्या गाडीत मुरबाडहून दोन भारे टाकून नेता आले असते. शिवाय वयात आलेले बोकड आणि शेळ्या एकत्र भरायचे नसतात. माजावर आलेल्या एका शेळीपायी संपूर्ण गाडी ढुशा देत राहते.

उरलेल्या ५३ जनावरांकडे आता जास्त लक्ष द्या. सतरा तास उपाशी, तहानलेल्या शेळीचे वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलेले असते, आणि त्यात ती कोणत्या गावच्या जनावरांच्या नाकाला नाक लावून आली हे कोणालाच माहीत नसते. पहिल्या दिवशी गूळ-मीठ घातलेले पाणी आणि सुका चारा, दाणा तिसऱ्या दिवसापासून थोडा थोडा. जुन्या कळपापासून निदान २१ दिवस वेगळे ठेवा. पाण्याची भांडी आणि चारा टाकणारा माणूसही शक्यतो वेगळा असावा. खोकला, नाकातून घट्ट स्राव, ताप, तोंडात फोड किंवा हगवण दिसली तर वाट पाहू नका, १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवा. प्रवासाच्या ताणाने होणारा न्यूमोनिया औषधाने बरा होतो, परंतु पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) निघाला तर तो २००९ च्या संसर्गजन्य रोग कायद्यानुसार कळवावाच लागतो आणि त्यानंतर जनावरे विकायला काढता येत नाहीत.

मेलेल्यांचे काय केले हे तुम्ही लिहिलेले नाही. खोल खड्डा आणि चुना एवढेच योग्य आहे. गाडीत मेलेले जनावर कापून देण्याचा सल्ला देणारे भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवा.

उत्तर : कोंबडीवाला, कोपरखैरणे

माझा धंदा ब्रॉयलरचा असल्यामुळे शेळीचे ज्ञान मर्यादित आहे, परंतु वाटेतली मर आमच्याकडे रोजची असल्यामुळे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आमच्यात जबाबदारीची रेघ आधीच ठरलेली असते. फार्मवर वजनकाटा झाला की माल व्यापाऱ्याचा. त्यानंतरची मर आणि घट व्यापाऱ्याची, मग गाडी कुठेही अडको. त्यामुळे भांडण होत नाही आणि म्हणूनच प्रत्येक जण जाळीत पक्षी मोजून भरतो, रात्री गाडी हलवतो आणि सूर्य वर येण्याआधी तुर्भे-वाशीच्या पुढे पोहोचतो. तुम्ही गाडीमालकाशी मर कोणाची हे भरणीच्या वेळी बोललाच नाहीत.

दुसरे म्हणजे, कोंडीत उभ्या गाडीवर पाणी मारायचा मोह होतो. नाशिक-नगरच्या कोरड्या हवेत त्याचा उपयोग होतो, पण आपल्याकडे मे महिन्यात हवा आधीच दमट असते आणि उभ्या गाडीत वारा नसतो, त्यामुळे ओल्या पिसांनी पक्षी जास्त लवकर माना टाकतात. आम्ही कोंडीत बाजूची ताडपत्री पूर्ण वर घेतो आणि शक्य असेल तर गाडी बाहेर काढून एखाद्या पुलाखाली उभी करतो. शेळीला हेच लागू पडावे, चुकत असेल तर डॉक्टरांनी दुरुस्त करावे.

उत्तर : निवृत्त पशुवैद्य, ठाणे

चुकत नाही. शेळी धापा टाकून उष्णता बाहेर टाकते, आणि दमट, न हलणाऱ्या हवेत ती धापही निरुपयोगी होते. पाणी अंगावर मारण्याऐवजी प्यायला द्यावे.

उत्तर : वकील, वाशी

भरपाईपुरते लिहितो. रस्ते वाहतुकीसाठी २००७ चा ‘कॅरेज बाय रोड’ कायदा आहे आणि त्यातल्या मालाच्या व्याख्येत जिवंत जनावरांचा स्पष्ट समावेश आहे, म्हणजे “जनावर जिवंत वस्तू आहे म्हणून जबाबदारी नाही” हे गाडीमालकाचे म्हणणे टिकणारे नाही. कोणाचाही माल भाड्याने वाहणारा तो सार्वजनिक वाहतूकदार मानला गेला, तर नुकसान झाल्यावर त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी मालधन्यावर राहत नाही. भरपाईची मर्यादा, जास्त जोखमीचा वाढीव दर देण्याचे आधी लिहून दिलेले नसेल तर, भाड्याच्या दहा पट असते. तुमच्या बाबतीत ती १,३५,००० रुपये होते, त्यामुळे मर्यादेचा अडथळा नाही. दावा करण्यापूर्वी लेखी नोटीस मात्र माल सोपवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे.

अडथळे दुसरीकडे आहेत. तुमच्याकडे बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची वाहतूकदाराची पावती, आहे का? नसेल तर भाडे दिल्याचा ऑनलाइन पुरावा, बाजार समितीची पावती आणि गाडीचा क्रमांक दिसणारे फोटो जपून ठेवा. उतरवताना पंचनामा झालेला नाही, शवविच्छेदन नाही. चालकाच्या सहीचा एक साधा कागदसुद्धा असता, की अकरा वाजता पाच मृत उतरवली आणि त्यांच्या कानातले बारा आकडी बिल्ले अमुक होते, तर तुमची बाजू कितीतरी भक्कम झाली असती. विम्याचेही तेच आहे. कानातला बिल्ला जमा केल्याशिवाय दावा मंजूर होत नाही, रोगाने झालेल्या मृत्यूला विमा सुरू झाल्यापासून पहिले १५ दिवस संरक्षण नसते, आणि साधा पशुविमा जनावर ज्या ठिकाणी आहे त्या ठिकाणाशी जोडलेला असल्यामुळे लांबच्या प्रवासाचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. राज्यात २०२४ च्या जूनपासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक करायची नाही असा शासनाचा आदेशच आहे, तेव्हा बिल्ले नसतील तर तो मुद्दा तुमच्यावरच उलटेल.

आणि सर्वांत अवघड भाग असा की, ५८ जनावरे भरण्याचा निर्णय तुमचा होता. समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल, आणि प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला होता का, हा दुसरा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, हे ऐकून लोक हसतात. परंतु गाडी वाटेत अडवली गेली तर २०१७ च्या नियमांप्रमाणे जप्त जनावरांच्या चारा-औषधांचा रोजचा खर्च गाडीमालक, पाठवणारा आणि घेणारा यांच्यावर एकत्रितपणे पडतो, आणि तो हसण्यासारखा नसतो. माझा सल्ला असा की, नोटीस तयार ठेवा, परंतु आधी समोरासमोर बसा. न्यायालयात गेल्यास दोघांच्याही चुका उघड होतील.

उत्तर : पडघ्याचा गाडीमालक

डॉक्टरांच्या आणि वकीलसाहेबांच्या म्हणण्याला माझी हरकत नाही, फक्त एक बाजू नोंदवतो. भाडे खेपेवर ठरते, नगावर ठरत नाही; त्यामुळे मालधनी म्हणतो की गाडी तीच आहे तर दहा जास्त भरा, आणि आम्ही नाही म्हटले तर शेजारी उभी असलेली गाडी हो म्हणते. मी गेल्या दोन वर्षांपासून चाळीसच्या वर शेळी भरत नाही आणि त्यामुळे माझ्या काही खेपा गेल्या. नवी समृद्धी महामार्गाची वाट आमण्यापर्यंत खुली झाल्यापासून मालेगाव-येवल्याकडचा माल मी कसारा घाट टाळून आणतो. टोल जास्त पडतो, पण ब्रेक कमी लागतात आणि जनावर उभे राहते. माळशेजला तसा पर्याय नाही, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरावे लागते. तुमच्या चालकाने ते केले की नाही हे तुम्ही शेजारी बसून पाहिलेच असेल.

प्रश्नकर्ता : मोरीचा शेळीवाला

पाहिले होते आणि तेव्हा काही बोललो नाही, हे कबूल करतो. मला घाई होती, त्यालाही होती.

सर्वांचे आभार. मेलेली पाचही जनावरे त्याच दिवशी शेताच्या कडेला चुना टाकून पुरली होती. ३९ जणांना बिल्ले आहेत, बाकीच्यांना पशुधन अधिकाऱ्यांकडून मारून घेत आहे. चौथ्या दिवशी दोन शेळ्या खोकू लागल्या म्हणून १९६२ वर फोन केला. पथकाने तपासून न्यूमोनियाची औषधे दिली, पीपीआरसाठी नमुना घेतला, आणि काल दोघींनीही चारा खाल्ला. अहवाल येईपर्यंत एकही बोकड बाहेर काढायचा नाही असे ठरवले आहे, मग ईदची गिऱ्हाइके गेली तरी चालतील.

गाडीमालकाशी परवा बसलो. त्याला घाटाचा आणि ताठ पायांचा हिशेब सांगितला, तेव्हा बराच वेळ तो गप्प होता. त्याने सहा हजार परत केले. मी नोटीस पाठवलेली नाही. पुढची खेप ३४ जनावरांची, फक्त बोकडांची, आणि मागे माझा पुतण्या बसणार आहे. आज सकाळी त्याने हौद्याचा फोटो पाठवला. दोन आडवे बांबू सुंभाने आवळून बांधले आहेत, पेंढा अजून घातलेला नाही. बांबू जमिनीपासून दोन फुटांवर आहे, त्याखालून बोकड निसटणार नाही ना, एवढे डॉक्टरांनी किंवा पडघ्याच्या दादांनी सांगावे.

उत्तर : पडघ्याचा गाडीमालक

निसटेल. दीड फूट आणि अडीच फूट अशा दोन उंचींवर दोन-दोन बांबू घाला आणि मधल्या मोकळ्या जागेत गोणपाट ताणून शिवा.